कुंडलिकेचे मासे आणि आजीचे नख

हा लेख मी वेरिबीहून लिहीत आहे. वेरिबी हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवरचे गाव. पूर्वी शेतीचे होते, आता शहराचेच उपनगर झाले आहे. गावातून त्याच नावाची नदी वाहते आणि थोड्या अंतरावर समुद्राला मिळते. हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ पाठीचा कणा असा सांगतात. मी मुलीकडे इथे राहायला आले, त्याआधी बेरशेव्याला शाळेत शिकवीत होते आणि त्याही आधी, म्हणजे मॅट्रिक होईपर्यंत, कुलाबा जिल्ह्यात रोह्याजवळच्या अष्टमी गावात होते. जिल्ह्याला आता रायगड म्हणतात. माझ्या वयाच्या वाचकांना कुलाबाच जवळचा वाटेल.

या राज्यात गळ टाकून मासे धरायला सरकारी परवाना लागतो. पण अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरी पूर्ण केलेल्यांना तो लागत नाही. माझी दहा वर्षांची नात आणि मी, दोघीही त्यातून सुटलो. मागच्या उन्हाळ्यात तिला शाळेतल्या मैत्रिणीने गळाची काठी दिली आणि आम्ही दोघी नदीवर जाऊ लागलो. एके दिवशी तिच्या गळाला हातभर लांबीचा, सापासारखा वळवळणारा ईल मासा लागला. ती घाबरली नाही. माझ्याकडे वळून तिने विचारले, "आजी, हा आपला आहे का?"

हा प्रश्न मी साठ-पासष्ट वर्षांत ऐकला नव्हता. अगदी याच शब्दांत तो आम्ही मुले आमच्या आजीला विचारीत असू. त्या प्रश्नामागे आपल्या समाजाच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आहे, आणि ती आपण नेहमी सांगतो त्यापेक्षा थोडी वेगळी सांगायला हवी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणून हा लेख.

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते, भिरा, कोलाड यांच्याजवळून येते, रोहा आणि अष्टमी या दोन गावांच्या मधून जाते आणि रेवदंड्याला समुद्रास मिळते. भिऱ्याला टाटांचे वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या धरणाचे पाणी घाटावरून खाली आणून तिथे वीज करतात आणि मग ते पाणी कुंडलिकेत सोडतात. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या वैशाखात दगडगोट्यांच्या झाल्या तरी आमची नदी वाहती असे. खालून समुद्राची भरती रोह्यापर्यंत चढे. म्हणजे आमच्या गावापाशी वरचे गोडे पाणी आणि खालचे खारे पाणी यांची गाठ पडत असे आणि दोन्ही पाण्यांतली मासळी आम्हांला मिळे.

नदीच्या अलीकडे रोहा, पलीकडे अष्टमी. या गावांनी आपल्यातल्या कित्येक घराण्यांना रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे दिली. आम्ही लहान असताना गावात आपली घरे थोडीच उरली होती. तेलाचे घाणे केव्हाच थांबले होते, 'शनवार तेली' हे नाव तेवढे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिले होते. कर्ते पुरुष मुंबईला रेल्वेत, गोदीत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला. माझे वडीलही तसेच. रेल्वे तेव्हा रोह्यापर्यंत आलेली नव्हती, त्यामुळे ते महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.ने येत. घरात आजी, आई, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ.

ज्यांनी खेड्यातले दिवस पाहिले नाहीत त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. कोंबडी किंवा बकरे खायचे तर ते विधीप्रमाणे कापणारा जाणता माणूस लागतो. मुंबईत तो सहज मिळे. खेड्यात हज्जान दुसऱ्या गावी गेला असेल तर आठवडाआठवडा मटण नाही. माशाला मात्र असा कोणी लागत नाही. मासा पाण्यातून काढला, खवले पाहिले, की झाले. त्यामुळे कोकणच्या खेड्यापाड्यांत विखुरलेल्या आपल्या घरांना शतकानुशतके मासळीनेच सांभाळले असले पाहिजे. कुठलीही घरची बाई, कुठलेही पोर हे काम करू शके.

समुद्रातली मासळी आमच्याकडे कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आणी. पण पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. ते दोन-अडीच महिने नदी, ओढे आणि भाताची खाचरे यांवर भागवायचे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढत. आमच्याकडे त्याला वळगण म्हणत. ज्या रात्री वळगण लागे त्या रात्री गावात कोणी झोपत नसे. कंदील, पलिते, टोपल्या, जुनी धोतरे, जे हाती येईल ते घेऊन सगळे खाचरांकडे धावत. बांधाच्या फटीतून पाणी पडे तिथे बांबूच्या कामट्यांचा सापळा लावलेला असे. पाण्यातून चांदीच्या पट्ट्या उड्या मारीत येत.

आम्हा मुलांचे खरे राज्य मात्र गळाचे. मोठी माणसे पाग टाकीत, आम्हांला पाग उचलतही नसे. ज्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले, म्हणजे १९५७ साली, मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी मी रोह्याच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने पहिला गळ घेतला. काठी बांबूची, दोरा शिवणाच्या रिळाचा दुहेरी पिळलेला, आणि पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाच्या देठाचा तुकडा. आमिष म्हणून गांडुळे, नाहीतर कणकेचा गोळा. मरळ धरायची तर लहान बेडकी लावायची. मरळ डोहाच्या कडेला वेलींखाली दबा धरून बसे आणि लागली की काठी हातातून ओढून नेई. भरतीच्या पाण्याबरोबर बोय मासे थव्याने येत. ते गळाला क्वचितच लागत, पण एखादा लागला तर दिवस सोन्याचा. आणि सर्वांचा राजा जिताडा. तो आम्हा मुलांच्या गळाला कधी लागला नाही. पागवाल्यांनी धरलेला जिताडा खांद्यावरून नेताना बघायचा आणि हळहळायचे.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही नदीवर धावत असू, कारण दिवस बुडायच्या आत परत यायचे बंधन होते. घरी किड्डुशासाठी मनुका भिजत घातलेल्या असत आणि आई दिवा लावायच्या तयारीत असे. शनिवारी नदीवर जायचे नाही. शनिवारी पलीकडच्या काठावर इतर मुलांच्या काठ्या दिसत आणि आमचे भाऊ ओटीवर बसून त्यांच्या पिसांकडे बघत राहत. सोमवारी शाळेत ती मुले आपण किती धरले ते हातवारे करून सांगत. तेव्हा फार जिवावर येई, हे कबूल करते.

धरलेले मासे घेऊन घरी आलो की आजी पडवीत पाट मांडून बसे. आम्ही एकेक मासा तिच्यापुढे ठेवायचा आणि विचारायचे, "आजी, हा आपला का?" आजीला अक्षरओळख नव्हती. मशिदीत (आपली जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत) ती प्रार्थना ऐकून ऐकून म्हणे, पण पुस्तक तिने कधी उघडले नाही. ती माशाच्या शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचे नख फिरवी. नखाखाली खवला उचलून आला आणि खालची कातडी फाटली नाही, तर मासा आपला. मरळीचे खवले घट्ट असतात, पण नख लावून धरले की सुटतात. बोयीचे तर पावसासारखे उडतात. शिंगाळ्याला, वामेला खवलेच नाहीत, ते बाजूला. कोळंबी, चिंबोऱ्या, खाचरातले मुठे, कालवे हे पाटाजवळ आणायचेही नाहीत.

चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांवरून आमचा नेहमी वाद होई. भाऊ म्हणे यांना खवले आहेत, बारीक आहेत. आजी नख फिरवी, डोळ्यांजवळ नेऊन बघे आणि म्हणे, "शंका आली की सोडून द्यावे. नदीत मासे काय कमी आहेत?" तेवढ्यावर निकाल.

आणि जे आपले नाहीत त्यांचे काय? ते फेकले जात नसत. शेजारी आगरी कुटुंब होते. शिंगाळे, चिवण्या, कोळंबी जे काही आमच्या टोपलीत आले असेल ते मी त्यांच्या घरी नेऊन द्यायची आणि त्यांच्याकडे बोय किंवा मरळ असेल तर ती काकू मला देई. कधी देण्यासारखे काही नसेल तर पानात बांधलेले चार पेरू. हा व्यवहार किती पिढ्यांचा होता कोण जाणे. मी पाहिला तेव्हा तो जुना आणि सवयीचा झाला होता.

चिवणीबद्दल एक सांगायचे राहिले होते. रायगडाकडच्या वाचकांच्या तोंडाला पाणी सुटेल, म्हणून आधीच क्षमा मागते. पहिल्या पावसात खाडीतली चिवणी गाबोळीने भरलेली असते आणि आगरी-कोळी घरांत तिचे जे कालवण होते त्याचा वास गावभर फिरतो. चिवणीला पंख आहेत, मिशा आहेत, खवले नाहीत. म्हणून ती आमच्या घरी कधी शिजली नाही. एका पावसाळी संध्याकाळी, मी दहाएक वर्षांची असेन, आमच्या गळाला लागलेल्या चिवण्या द्यायला मी शेजारी गेले. चुलीवर कालवण रटरटत होते. त्यांच्या पोरींबरोबर मीही चुलीपाशी बसले आणि म्हटले, "काकू, मला गाबोळीचा एक तुकडा द्या. घरी नाही सांगणार."

ती बाई पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाय गो बाय, ह्यो तुमच्यान चालत नाय. तुझी आजी मना काय बोलंल?"

तिने मला भाताबरोबर सुकवलेल्या माशाचा तुकडा भाजून दिला. त्याचे खवले चुलीवर करपून पापुद्र्यासारखे सुटत होते. मी रागाने अर्धाच खाल्ला आणि उठून आले. ही हकिकत मी आजीला कधी सांगितली नाही आणि आजवर कुठे लिहिलीही नाही. लाज माझ्या मागण्याची होती. त्या बाईच्या नाही म्हणण्याचे मोल कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आता इतिहासाकडे वळते. आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, त्यांचे वंशज आपण. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, पण शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' राहिले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने आपल्या बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे एकत्र ठेवले आणि शिजवायला सांगितले. बायकांनी खवले आणि पंख असलेले तेवढेच निवडून घेतले, बाकीचे बाजूला काढले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी नेमले.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. रहाबीची हकिकत त्यातही आहे. रहाबी केव्हा आला याविषयी मात्र एकमत नाही. आपल्या परंपरेत त्याला फार जुन्या काळात ठेवतात, तर काही अभ्यासक म्हणतात की हा कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यातला अठराव्या शतकातला पुरुष असावा. त्याच घराण्यातल्या यहेझकेल रहाबी यांनी १७६८ साली हॉलंडला पाठविलेल्या पत्रात कोकणातल्या आपल्या लोकांचा उल्लेख आहे, की ते तेल गाळतात, शब्बाथ पाळतात आणि 'शेमा' तेवढा जाणतात. शतकाचा वाद विद्वानांनी करावा. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, तेव्हा एवढे जाणते की माझ्या आजीचे १९५७ सालचे नख हा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा होऊ शकत नाही. मधल्या काळात कोचीनचे शिक्षक आले, मराठीतून बायबल आले, मुंबईला १७९६ साली 'शाआर हारहामीम' उभी राहिली आणि पुढे गावोगावी मशिदी झाल्या. आजीच्या आजीला कोणीतरी नव्याने शिकवलेले असणे अगदी शक्य आहे.

तरीही साक्षीदार म्हणून दोन गोष्टी सांगता येतील. पहिली, हे ज्ञान ग्रंथाशिवाय टिकू शकते, कारण मी ते टिकताना पाहिले. आमच्या घरात कोणी आम्हांला तोरातला उतारा वाचून दाखवला नाही. रोज संध्याकाळी पाट मांडला जाई आणि मासा हातात दिला जाई. दुसरी गोष्ट, रहाबीच्या गोष्टीत बायका एकट्या असतात. समोर टोपली, समोर परीक्षक. खऱ्या गावात त्या एकट्या नव्हत्या. आमची कोळीण दारात पाटी उतरवण्यापूर्वीच कोळंबी आणि वाम फडक्याखाली झाकून ठेवी आणि शनिवारी आमच्या आळीत फिरकतच नसे. शेजारच्या काकूने तर मी मागूनही दिले नाही. आपण कोण आहोत हे आपल्याइतकेच आपल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक होते आणि आपल्यातले एखादे पोर विसरू लागले तर ते त्याला आठवण करून देत. दोन हजार वर्षे आपण आपला धर्म राखला, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरे आहे. पण तो राखायला कोळी, आगरी, कुणबी शेजाऱ्यांचा हात लागला, हेही आपण त्याच वाक्यात म्हणायला हवे.

सगळीच घरे आमच्या आजीसारखी काटेकोर होती असे मात्र नाही. मुंबईला गेलेले काही जण कोळंबी खात, हे सर्वांना माहीत होते. इतिहास लिहिताना तेही लिहावे.

१९६८ साली आम्ही इस्राएलला आलो आणि बेरशेव्यात राहिलो. आम्ही येण्यापूर्वीचा वाद वाचकांना आठवत असेलच. बेने इस्राएल मुलामुलींच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे मुख्य रब्बींच्या कचेरीने काढलेले फर्मान, त्याविरुद्ध आपल्या लोकांनी धरलेली धरणी, आणि शेवटी १९६४ साली क्नेसेटने सर्व बाबतींत आपण इतरांसारखेच यहुदी आहोत असे सांगितले. आम्ही आलो तेव्हा वाद मिटला होता, पण कढ गेला नव्हता.

बेरशेव्याच्या बाजारात पहिल्या शुक्रवारी आई आणि मी मासे आणायला गेलो. मासेवाला रोमानियाहून आलेला म्हातारा. हौदात जिवंत कार्प मासे होते. इस्राएलमध्ये त्याला कारपियोन म्हणतात हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. तळ्यांत पाळलेल्या त्या जातीच्या अंगावर खवले थोडेच असतात. पाठीवर एक रांग, शेपटीपाशी चार-दोन, बाकी अंग गुळगुळीत. आई म्हणाली, "हा अर्धा बोडका मासा आपला कसा?" आणि हात मागे घेतला. मासेवाल्याला वाटले किमतीवरून अडले आहे. मी माझ्या मोडक्या हिब्रूत अडचण सांगितली. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याने मासा काढून फळीवर ठेवला. आईने शेपटीपाशी नख लावले. मोठा, रुपयाएवढा खवला अलगद सुटून आला, कातडी शाबूत. आई म्हणाली, "द्या."

त्याने विचारले, "हे तुम्हांला कोणी शिकवले?" मी आईला विचारले. ती म्हणाली, "सासूने."

पुढे शिक्षिकेचे शिक्षण घेताना मला तोरातले ते प्रकरण हिब्रूतून वाचायला मिळाले. वायिक्राच्या अकराव्या अध्यायात दोनच खुणा दिल्या आहेत, स्नपीर आणि कस्केसेत, म्हणजे पंख आणि खवले. मिश्नेत म्हटले आहे की ज्याला खवले आहेत त्याला पंख असतातच, पण पंख असून खवले नसलेले मासे असतात. मला लगेच चिवणी दिसली. आजी पंख कधीच बघत नसे, खवलेच बघे, याचे कारण तिथे सापडले. तेराव्या शतकातल्या रांबाननी अधिक खुलासा केला आहे: जो खवला हाताने किंवा सुरीने कातडीपासून सुटतो तोच खवला धरायचा, जो कातडीलाच जखडलेला आहे तो नव्हे. आणि शुलखान आरुखात असे आहे की अंगावर थोडे खवले असले तरी चालतात. म्हणजे बेरशेव्याच्या बाजारात आईने जे केले ते बरोबर होते आणि पडवीतल्या पाटावर आजी जे करी तेही. त्या दिवशी वर्गात मी एकटीच रडले. शिक्षकांनी कारण विचारले, पण कुंडलिका, पाट, चिवणी हे सगळे हिब्रूत सांगण्याइतकी भाषा तेव्हा माझ्याजवळ नव्हती.

आता वेरिबी. इंग्रज लोक गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग करतात. ट्राउट आणि सामन हे मानाचे, आणि बाकी सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. इंग्रजांनी जगभर जाताना आपले मासेही बरोबर नेले, त्यामुळे या नदीत आज रेडफिन आणि कार्प आहेत. कार्प इथे नकोसा झाला आहे. व्हिक्टोरियाने १९६२ सालीच त्याच्याविरुद्ध कायदा केला, तरी तो मरे नदीत शिरला आणि १९७४-७५ च्या पुरांनंतर सगळीकडे पसरला. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, म्हणून धरलेला कार्प जिवंत परत पाण्यात सोडणे इथे गुन्हा आहे. इथले लोक तो खातही नाहीत, चिखलाचा वास येतो म्हणतात. काठावर मेलेले कार्प पडलेले असतात. मी मात्र नातीने धरलेला कार्प घरी आणते, मीठ आणि कोकमाच्या पाण्यात तासभर ठेवते आणि आईसारखे नारळाच्या रसात, हिरव्या मसाल्याचे कालवण करते. इथला कार्प अंगभर खवल्यांचा आहे. आईला नख लावायचीही गरज पडली नसती.

इथल्या दुकानात एकदा बॅरामंडी असे नाव लावलेला मासा बर्फावर मांडलेला पाहिला आणि मी जागीच थांबले. ते खोलगट कपाळ, ते मोठे तोंड, त्या जाड खवल्यांच्या रांगा. तो जिताडा होता. तोच, कुंडलिकेतला. शास्त्रज्ञही दोघांना एकाच नावाने ओळखतात. तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या उष्ण नद्यांत राहतो, आमच्या थंड वेरिबीत नाही. बॅरामंडी हा शब्दही मूळ रहिवाशांच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा असा सांगतात. लहानपणी जो गळाला लागला नाही तो मी या वयात पैसे देऊन घरी आणला.

तर नातीचा प्रश्न होता ईलचा. मी तिला म्हटले, "नख लावून बघ." तिने ओल्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला. हाताला नुसता चिकट पाणी लागले. "काही येत नाही, आजी." मग मी म्हटले, "मग हा आपला नाही. पण दुसऱ्या कोणाचा असेल." शेजारी एक व्हिएतनामी गृहस्थ गळ टाकून बसले होते. तिने तो ईल त्यांना नेऊन दिला. त्यांनी हात जोडले आणि थोड्या वेळाने त्यांच्या बादलीतला एक मासा आम्हांला आणून दिला. तिने त्यालाही नख लावून पाहिले.

रोह्याजवळ पुढे कारखाने आले आणि कुंडलिकेचे पाणी पूर्वीसारखे राहिले नाही, असे तिकडून येणारे सांगतात. अष्टमीत आपली माणसेही आता जवळजवळ उरली नाहीत. शेजारच्या काकू केव्हाच गेल्या. त्यांच्या नाही म्हणण्याबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत, ते इथे मानते.

वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणी अंबा नदीच्या काठी वाढले, कोणी सावित्रीच्या, कोणी पाताळगंगेच्या, कोणी रेवदंड्याच्या खाडीवर. तुमच्या गावात कोणते मासे 'आपले' मानत आणि कोणते शेजारी देत, त्यांची नावे काय होती, संशयाच्या माशाचा निकाल कोण देई, हे आठवत असेल तेवढे लिहून मासिकाकडे पाठवा. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, नातवंडांकडून लिहून घ्या. निवट्यांचा वाद अजून माझ्या भावांत मिटलेला नाही. त्यावर कोणाच्या आजीने काही निकाल दिला असेल, तर तोही कळवा.